बादलीत लावलेलं खोड

पहिल्यांदा बादलीत बटाटा लावला तेव्हा मी चूक एकच केली, पण ती नेमाने तीन महिने केली. झाडाला खायला घालत राहिलो. दर आठवड्याला खत आणि रोज संध्याकाळी पाणी. पानं अशी काही माजली की येणारा-जाणारा थांबून कौतुक करायचा. शेवटी बादली उपडी केली, तर आत मुळांचं जाळं आणि सुपारीएवढे सहा बटाटे. असं का झालं हे कळायला बटाटा म्हणजे नक्की काय, इथपासून सुरुवात करावी लागली.

बटाटा हे मूळ नाही. गाजर मूळ आहे, रताळंही मूळच आहे. बटाटा मात्र खोड आहे. एक बटाटा हातात घेऊन नीट बघा. एका टोकाला बेंबीसारखी वाळकी खूण दिसेल, तिथे तो झाडाला जोडलेला होता. दुसऱ्या टोकाला डोळ्यांची गर्दी असते. प्रत्येक डोळ्याच्या कडेला भुवईसारखी बारीक रेघ दिसते. ती एका खवल्याएवढ्या पानाची खूण, आणि डोळा म्हणजे त्या पानाच्या बगलेतला अंकुर. एका डोळ्यावरून पुढच्यावर बोट नेत गेलात तर ते मळसूत्रासारखं वळत जातं, कारण फांदीवर पानंही तशीच वळत लागतात. थोडक्यात, डोळा म्हणजे पेर आणि दोन डोळ्यांमधला भाग म्हणजे कांडं. उसासारखीच रचना, फक्त आखडलेली आणि पिठानं फुगलेली.

हे नुसतं शब्दांचं वर्गीकरण नाही. खोडाला इजा झाली आणि पानांतलं अन्न खाली उतरेना, तर बटाट्याच्या झाडाला जमिनीच्या वर, पानांच्या बगलेत, हिरवे-जांभळे छोटे बटाटे धरतात. १९९५ मध्ये कोलंबिया अंतराळयानात बटाट्याच्या पानांची छाटकलमं नेली होती. त्यांच्या बगलेतल्या अंकुरांचेही अंतराळात इवलेसे बटाटे झाले. एक पान, एक अंकुर आणि योग्य इशारा, एवढं मिळालं की बटाटा होतो.

आता बेण्याकडे वळू. नुकताच काढलेला बटाटा लावून उपयोग नसतो. जातीनुसार दोन-तीन महिने तो गाढ झोपलेला असतो आणि ऊब-ओल मिळाली तरी डोळे उघडत नाही. खाण्यासाठी विकला जाणारा बटाटा लावण्यातही धोका आहे. कोंब येऊ नयेत म्हणून त्याच्यावर प्रक्रिया झालेली असू शकते. शिवाय बटाट्यापासून बटाटा म्हणजे त्याच झाडाची नक्कल, त्यामुळे आईच्या अंगातले विषाणू लेकरांत जसेच्या तसे उतरतात. म्हणून रोगमुक्त म्हणून प्रमाणित केलेलं बेणं मिळालं तर तेच घ्यावं.

कोंब आणायला बेणं अंधारात ठेवलं तर पांढरे, लांबुडके, जरा धक्का लागला की मोडणारे कोंब येतात. ते खोड बिचारं उजेडाच्या शोधात धावत असतं. तेच बेणं थेट ऊन न लागणाऱ्या पण उजेडाच्या थंडशा जागी ठेवा. कोंब आखूड, जाड, हिरवे किंवा जांभळट येतात. भिंगातून बघितलं तर त्यांच्या बुडाशी बारीक पुटकुळ्या दिसतात. या उद्याच्या मुळांच्या जागा. मुळं फुटतात ती कोंबाला, जुन्या बटाट्याला नाही. जुना बटाटा फक्त शिदोरी पुरवतो.

बेणं मोठं असेल तर कापता येतं. तुकडा साधारण ३० ते ५० ग्रॅमचा असावा आणि त्यावर निदान दोन डोळे हवेत. कापल्यावर मात्र दोन-तीन दिवस थांबा. तेवढ्यात कापलेल्या भागावर बुचासारखा थर धरतो आणि सड आत शिरत नाही. एक आणखी हिशोब: प्रत्येक कोंबाचं वेगळं खोड होतं. खोडं जास्त तर बटाटे जास्त, पण बारीक. बादलीत मी दोन-तीन दणकट कोंब ठेवतो आणि बाकीचे खुडून टाकतो.

भांडं कसलंही चालतं: बादली, ग्रो बॅग, जाड पोतं. खाली भोकं हवीत, खोली निदान ३० सेंटीमीटर हवी आणि एका बेण्यामागे दहा-बारा लिटर माती बसायला हवी. माती भुसभुशीत असावी, कुजलेलं खत आणि कोकोपीट मिसळलेली. तळाला दहा सेंटीमीटर माती, तिच्यावर कोंब वर करून बेणं, त्यावर आणखी दहा-बारा सेंटीमीटर माती. वरची जागा मुद्दाम रिकामी ठेवायची.

कारण गंमत आता सुरू होते. कोंब वर येताना मातीत पुरलेल्या त्याच्या पेरांमधून आडव्या फांद्या निघतात. त्यांना स्टोलॉन म्हणतात. दिसायला मुळांसारख्याच, पण मुळांहून जाड आणि टोकाशी आकड्यासारख्या वाकलेल्या. बटाटा धरतो तो या आकड्याच्या मागेच. म्हणजे नवे बटाटे बेण्याच्या खाली नाही, वरच्या बाजूला लागतात. स्टोलॉनचं टोक चुकून उजेडात आलं तर ते बटाट्याचा नाद सोडून देतं आणि पानं फुटलेली साधी फांदी बनतं. म्हणून झाड वीतभर झालं की त्याच्या बुडाशी मातीची भर द्यायची.

या भर देण्यावरून एक मोठा गैरसमज पसरलाय. चारचार फूट उंच पिंप घ्यायचं, झाड वाढेल तशी माती चढवत जायची आणि मजल्यामजल्यावर बटाटे पिकवायचे! कल्पना झकास आहे, पण झाडाला ती ठाऊक नसते. स्टोलॉन प्रामुख्याने सगळ्यात खालच्या पेरांतून आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांत फुटतात. वरचा भाग नंतर गाडला तर तिथे मुळं येतात, बटाटे अगदी तुरळक. उलट गाडलेली पानं बुडाली ते वेगळंच. भर द्यायची ती बटाटे झाकण्यापुरती. बटाटा भरतो तो वरच्या पानांनी केलेल्या साखरेवर, त्यामुळे पानांना दिवसाकाठी सहा तास तरी ऊन मिळणं हे पिंपाच्या उंचीपेक्षा कितीतरी महत्त्वाचं.

पण साखर झाली म्हणून बटाटा होतोच असं नाही. मातीखालच्या टोकाला ‘आता लांबू नकोस, फूग’ असं कोणीतरी सांगावं लागतं. हा निरोप पानांतून निघतो. १९८१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान आणि सहकाऱ्यांनी तंबाखूच्या फांदीचं बटाट्याच्या खुंटावर कलम केलं. वरच्या तंबाखूला फुलं येण्याजोगं दिवसमान मिळालं, तेव्हा खालच्या बटाट्याला कंद धरले. फुलाचा निरोप आणि कंदाचा निरोप एकाच भाषेत असावेत, असा त्याचा अर्थ. तीस वर्षांनी, २०११ मध्ये, हा निरोप्या सापडला. ‘एसपी६ए’ नावाचं प्रथिन, फुलं आणणाऱ्या प्रथिनाचंच भावंड. ते पानात तयार होतं आणि अन्नरसाबरोबर खाली स्टोलॉनपर्यंत पोचतं.

माझ्या बादलीतला दुष्काळ इथे उलगडला. हा निरोप दोन गोष्टींनी दबतो. पहिली नत्र. भरपूर नत्र मिळालं की झाडाला वाढीचे दिवस संपलेत असं वाटतच नाही, ते पानं काढत राहतं आणि कंद धरणं लांबत जातं. मी आठवड्याला घालत होतो ते नेमकं नत्रच. लावताना मातीत चांगलं कुजलेलं खत आणि नंतर एखाद्या वेळी पालाशयुक्त खत, एवढ्यावर भागतं.

दुसरी गोष्ट उष्णता. बटाटा मूळचा अँडीज पर्वतातला, टिटिकाका सरोवराच्या आसपासच्या उंच, थंड पठारावरचा. माती १५ ते २० अंश सेल्सिअस असताना कंद उत्तम धरतात. ती तिशीला टेकली की निरोप जवळपास बंदच पडतो. रात्री गार नसल्या तरी तेच. जमिनीत वीतभर खाली माती बऱ्यापैकी थंड राहते, पण बादलीला चहूबाजूंनी ऊन लागतं. माझी तर काळी होती! तेव्हा भांडं फिक्या रंगाचं घ्या, नाहीतर त्याच्याभोवती पोतं गुंडाळा, मातीवर वाळक्या पाल्याचं आच्छादन घाला. सावली भांड्याला हवी, पानांना नको. आणि लावण अशी करा की लावल्यापासून दुसरा-तिसरा महिना गार रात्रींचा येईल.

पाण्याचं म्हणाल तर रोज ठरावीक तांब्या ओतण्यापेक्षा मातीत बोट घालून बघणं बरं. दोन पेरं खोल कोरडं लागलं तर पाणी द्या. बटाटा फुगत असताना आधी कडक ताण आणि मग एकदम भरपूर पाणी मिळालं, तर तो थांबून पुन्हा वाढतो. त्यातून तडे जातात, टेंगळं येतात, कधी आत पोकळी पडते. सतत चिखल असेल तर बटाट्याच्या सालीवरची श्वासाची छिद्रं पांढऱ्या पुटकुळ्यांसारखी फुगतात. हवा मिळेना झाली की ती अशी उघडतात, आणि सडवणारे जिवाणू तिथूनच आत शिरतात.

पानांवर पाणसळ काळपट डाग वेगाने पसरू लागले, खालच्या बाजूला पांढरी बुरशीसारखी लव दिसली, तर तो उशिरा येणारा करपा. १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ पाडून सुमारे दहा लाख माणसांचा बळी घेणारा तो हाच. टोमॅटोलाही तो होतो, म्हणून टोमॅटोच्या कुंडीतली जुनी माती बटाट्याला वापरू नये.

फुलं गळल्यावर कधीकधी हिरव्या टोमॅटोसारखी फळं धरतात. ती विषारी असतात, मुलांच्या हाताला लागू देऊ नका. उजेड लागून हिरवा झालेला बटाटाही टाकून द्यावा. तो हिरवा रंग नुसता हरितद्रव्याचा, निरुपद्रवी. पण ज्या उजेडाने खोड हिरवं होतं त्याच उजेडाने त्यात सोलॅनिन आणि चॅकोनिन ही विषारी द्रव्यंही वाढतात, आणि शिजवून ती जात नाहीत. कडू लागला तर घास गिळू नका.

पानं पिवळी पडून माना टाकू लागली की पाणी थांबवा. लावल्यापासून हे साधारण ९० ते १२० दिवसांनी होतं. लगेच उकरायची घाई नको. आणखी दहा-बारा दिवस माती कोरडी राहिली की साल पक्की होते. मध्येच एखादा काढून अंगठ्याने चोळून बघा. साल सुटत असेल तर बाकीचे अजून आत राहू देत. मग ताडपत्रीवर भांडं उपडं करायचं. एका बेण्यामागे किलोभर निघाला तर मी खूश असतो. ढिगात हात घातल्यावर एक मऊ, सुरकुतलेली, जवळजवळ रिकामी पिशवी बोटांना लागते. ते आपण पुरलेलं बेणं. ते बाजूला काढलं की माती एकदा चाळून घ्या. हरभऱ्याएवढा बटाटा जरी आत राहिला, तरी त्यालाही डोळे असतात.