टीव्हीवर सिनेमा लावला की काळ्या पट्ट्या का दिसतात?

नवा टीव्ही भिंतीवर चढतो, घरची मंडळी हौसेने पहिला सिनेमा लावतात आणि थोड्या वेळात आम्हाला फोन येतो, "अहो, वर-खाली काळं दिसतंय. पॅनल गेलं का?" हा फोन इतक्या घरांतून येतो की टीव्हीसोबत हे पत्रकच द्यायचं आम्ही ठरवलं.

पॅनल गेलेलं नाही. वर-खाली सारख्या पट्ट्या दिसत असतील, तर दिग्दर्शकाने ठरवलेली चौकट तुमच्यापर्यंत जशीच्या तशी पोहोचते आहे.

शाळेतला वर्गाचा ग्रुप फोटो आठवा. लांबच लांब, पाठीमागे उभी मुलं, पुढे खुर्च्यांवर शिक्षक. तो घरातल्या साध्या फ्रेममध्ये बसवायचा तर दोनच मार्ग. एक तर वर-खाली थोडा कागद मोकळा सोडायचा, नाहीतर दोन्ही टोकांची मुलं कापून टाकायची. टीव्ही पहिला मार्ग घेतो, आणि तोच बरोबर आहे.

आजच्या टीव्हीचा आकार १६:९ असतो. म्हणजे उंची १ धरली तर रुंदी १.७८. बरेचसे सिनेमे मात्र २.३५ किंवा २.३९ रुंदीचे असतात. ५५ इंची टीव्हीची काच साधारण १२२ सेंमी रुंद आणि साडेअडुसष्ट सेंमी उंच असते. २.३९ चा सिनेमा त्यावर पूर्ण रुंदीत बसवला की त्याची उंची भरते ५१ सेंमी. उरलेली जागा वर पावणेनऊ आणि खाली पावणेनऊ सेंमी अशी काळी राहते. पडद्याचा जवळजवळ चौथा हिस्सा झाला हा, त्यामुळे पैसे मोजून घेतलेल्या माणसाला तो खटकतो हे आम्हाला कळतं.

सिनेमा एवढा रुंद का झाला, याचं कारण गंमत वाटेल, पण टीव्हीच आहे. मूकपटांच्या काळापासून चित्र ४:३ च्या आसपास, बरंचसं चौकोनी असायचं. घरातला टीव्ही आला तोही त्याच आकारात. १९५० च्या सुमारास अमेरिकेत लोक घरी बसून टीव्ही पाहू लागले आणि थिएटरं रिकामी पडू लागली. घरी मिळणार नाही असं काही दाखवायला हवं म्हणून १९५३ मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने सिनेमास्कोप आणला. त्यामागचं भिंग आंरी क्रेतियाँ या फ्रेंच संशोधकाचं. शूटिंग करताना ते रुंद दृश्य दोन्ही बाजूंनी आत दाबून नेहमीच्याच ३५ मिमी फिल्मवर बसवायचं आणि थिएटरात प्रोजेक्टरचं भिंग ते पुन्हा पसरवायचं. आपल्याकडे १९५९ मध्ये गुरुदत्त यांनी ‘कागज़ के फूल’ केला, तो भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा.

मग टीव्ही १६:९ वर कसा थांबला? १९८० च्या दशकात नव्या टीव्हीचा आकार ठरवताना कर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्याने प्रचलित सगळ्या आकारांचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत एकावर एक ठेवून पाहिले. सगळ्यांना सामावून घेणारी चौकट आली ती सुमारे १.७७ ची. म्हणजे १६:९ ही मुळातच तडजोड आहे. सगळ्यात रुंद सिनेमाला वर-खाली पट्ट्या येणार आणि जुन्या चौकोनी चित्राला डाव्या-उजव्या बाजूला. प्रभातचे बोलपट किंवा दूरदर्शनच्या जुन्या मालिका लावल्यात तर बाजूच्या पट्ट्या दिसतील, त्यात काही बिघाड नाही.

आता रिमोटविषयी, कारण खरं नुकसान तिथे होतं. पिक्चर साइजमध्ये जाऊन ‘झूम’ केलं की पट्ट्या जातात, हे खरं. पण २.३९ च्या सिनेमातलं चौथा हिस्सा चित्रही त्यांच्याबरोबर जातं, दोन्ही टोकांचं. समोरासमोर बसून बोलणाऱ्या दोघांपैकी कधी एकाचं अर्धं तोंड गायब होतं, कधी दोघांचं. जुनं ४:३ चित्र ताणून पूर्ण पडद्यावर पसरवलं तर ते एक-तृतीयांशाने रुंद होतं. चेहरे सुजल्यासारखे दिसतात आणि गाडीची चाकं लंबगोल. दिव्याची योजना करणाऱ्याने, कॅमेरामनने तासन् तास बसून जुळवलेली चौकट अशी मोडू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून टीव्ही बसवताना आमचा माणूस पिक्चर साइज १६:९ वर ठेवून देतो. कृपया ते तसंच राहू द्या.

मोठा टीव्ही घेतल्याने पट्ट्या जात नाहीत, त्याही त्याच प्रमाणात वाढतात. चित्र मात्र मोठं होतं. तोच सिनेमा ६५ इंचावर ६० सेंमी उंच दिसतो. घरात मुख्यतः सिनेमेच पाहिले जात असतील, तर खरेदीपूर्वी हा आकडा लक्षात घ्या.

पट्ट्या काळ्याऐवजी राखाडी दिसत असतील, तर बहुतेक ते एलईडी टीव्हीच्या मागच्या दिव्याचं झिरपणं असतं. बॅकलाइट जरा कमी करा आणि टीव्हीच्या मागे एखादा मंद दिवा ठेवा. अंधाऱ्या खोलीत खूप फरक पडतो. काही सिनेमांत मधेच पट्ट्या नाहीशा होतात आणि पुन्हा येतात. ते प्रसंग आयमॅक्सच्या उंच चौकटीत घेतलेले असतात, टीव्ही बिघडलेला नसतो.

तक्रार करण्याजोगं काय, तेही सांगतो. चित्राच्या चारही बाजूंनी काळी चौकट दिसत असेल, तर बहुतेक वेळा सेट-टॉप बॉक्स ४:३ वर राहिलेला असतो. बॉक्सच्या सेटिंगमध्ये १६:९ निवडा. आणि शंका असेल तेव्हा सिनेमा थांबवून रिमोटचं होम बटण दाबा. टीव्हीचा स्वतःचा मेन्यू काठोकाठ दिसला, तर पॅनल उत्तम आहे. मेन्यूवरही काळा पट्टा किंवा रेघ दिसली, तर मात्र मोबाइलवर फोटो काढून लगेच आम्हाला पाठवा. बिल जवळ ठेवा, आम्ही येतो.