खुराडं धुऊ नका, वाळवा

पावसाळा सुरू झाला की परसातल्या कोंबड्यांची पिल्लं पटापट मरू लागतात. काल दाणे टिपणारं पिल्लू आज पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभं असतं आणि त्याची विष्ठा रक्ताळलेली असते. घरची माणसं घाबरतात, खुराडं बादल्या ओतून धुतात, वरून फिनाईल मारतात. तळमळ खरी असते, पण रोगाला नेमकं जे हवं तेच अशानं त्याला मिळतं.

ही रक्ती हगवण आयमेरिया या एकपेशीय परजीवीमुळे होते. आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून त्याच्या सूक्ष्म, जाड कवचाच्या कोष्ठिका बाहेर पडतात. त्या ताज्या असताना कुणालाच बाधत नाहीत. ऊब, प्राणवायू आणि ओल, तिन्ही मिळाली तर साधारण 24 ते 48 तासांत त्या आतून तयार होतात आणि मग पिल्लाच्या पोटात गेल्या की आतडं पोखरतात. पावसाळ्यातलं आपलं 25-30 अंश तापमान त्यांना अगदी मानवतं. ऊब आपल्या हातात नाही, हवा तर कोंबड्यांनाही लागतेच. उरली ओल. तिच्यावरच सगळा जोर द्यायचा. फिनाईल किंवा ब्लीचिंग पावडर ते कवच भेदू शकत नाही. उकळतं पाणी भेदतं, आणि सुकवल्यावर कोष्ठिका तग धरत नाहीत.

एकूणएक कोष्ठिका मारायची गरजही नसते. थोड्याशा पोटात गेल्या तर पिल्लाच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार होते. घात होतो तो एकदम भरमसाट गेल्यावर. म्हणून निर्जंतुक खुराड्यापेक्षा कोरडं खुराडं मला जास्त मोलाचं वाटतं.

खाली भाताचं तूस चार बोटं जाड पसरा आणि अधूनमधून मूठभर उचलून दाबून बघा. लाडू वळल्यासारखा गोळा राहिला तर ओल जास्त आहे. मूठ उघडताच सुटं झालं तर ठीक. सगळ्यात जास्त चिखल पाण्याच्या भांड्याभोवती होतो. भांडं विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवलं की निम्मं काम होतं. ओलं झालेलं तूस तेवढं उचला, त्याजागी कोरडं टाका.

मग खाली बसून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्या. डोळे चुरचुरले तर तो अमोनिया. विष्ठेतल्या युरिक आम्लावर जिवाणूंची क्रिया होऊन तो तयार होतो आणि श्वासनलिकेतल्या, धूळ व जंतू बाहेर ढकलणाऱ्या बारीक केसांना इजा करतो. इथे चुन्याबद्दल सांगायलाच हवं. ओल्या विष्ठेवर चुना टाकला की क्षारता वाढते आणि अमोनिया उलट जोरानं सुटतो. आधी खरवडून घाण काढा, जागा वाळू द्या, मग भिंतींना चुना लावा आणि तो पूर्ण सुकल्यावरच पक्षी आत सोडा. पिल्लांच्या पायांना, डोळ्यांना ओला चुना भाजतो.

रात्री बॅटरी घ्या आणि कोंबड्यांच्या बसायच्या दांडीच्या खालच्या फटी जरूर बघा. रक्त पिणारे तांबडे माइट, म्हणजे अगदी बारीक किडे, दिवसा तिथे दडतात आणि अंधारात कोंबडीवर चढतात. दांडीखालून पांढरं फडकं फिरवल्यावर लाल डाग उमटले, तर ते आहेतच.

मुंगूस, मांजर, साप यांच्यासाठी बारीक जाळी आणि पक्की कडी पुरते. राणीखेतला, म्हणजे मानमोडीला, जाळी पुरत नाही. हा विषाणूचा रोग बहुधा बाजारातून आणलेल्या पक्ष्याबरोबर घरात शिरतो. म्हणून नवी कोंबडी किमान दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा आणि तिचं दाणापाणी घरच्या कोंबड्यांनंतर करा. या रोगावर औषध नाही, लस आहे: पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे आठ आठवड्यांच्या सुमारास आर-टू-बी. लस बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. कुपी शंभर किंवा जास्त पक्ष्यांची असते, त्यामुळे अख्ख्या वाडीनं एकाच दिवशी लसीकरण करणं सोयीचं.

एकाच वेळी बरेच पक्षी दगावले तर ते कापू नका, विकू नका, ओढ्यात टाकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा. देशातला पक्ष्यांमधला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला होता. मेलेल्या कोंबडीला हात लागला असेल तर साबणानं स्वच्छ धुवा, आणि लहान मुलांना तिच्यापासून लांब ठेवा.