वारुळाची अळंबी

(कुल : लायोफायलेसी, प्रजाती : टर्मिटोमायसीज). वाळवीच्या वारुळातून पावसाळ्यात वर येणारे खाद्य कवक. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस घाटमाथ्याकडे बोलण्यातले वर्गीकरण दोनच गटांचे आहे : खायची ती अळंबी, उरलेल्या साऱ्या कुत्र्याच्या छत्र्या. पूर्व विदर्भात हिला ‘सात्या’ म्हणतात.

वीज कडाडली की अळंबी फुटते, हा समज जुना आहे. मेघदूतात ढगांच्या गर्जनेने भूमी ‘उच्छिलीन्ध्रा’ होते असे म्हटले आहे. मात्र मेघदूताचा टीकाकार मल्लिनाथ शिलीन्ध्राचा अर्थ कंदली (एक वनस्पती) असा देतो. इतर काहींनी भूछत्र असा घेतला आहे. भूछत्र हा अर्थ प्रसंगाला अधिक जुळतो.

ओळख : छत्री साधारण ५ ते १२ सेंमी. रुंद, मधोमध टोकदार उंचवटा. याच टोकाने ती कडक माती भेदून वर येते. पटले (छत्रीखालच्या पातळ पट्ट्या) दांड्याला चिकटलेली नसतात. खरी खूण जमिनीखाली असते. वरून खुडले तर ती हाती लागत नाही. खुरप्याने बाजूची माती हळूहळू सोडवत गेल्यास दांडा निमुळता होत वीतभर वा त्याहून खोल उतरलेला दिसतो. या आभासी मुळाचे टोक मधाच्या पोळ्यासारख्या सच्छिद्र, तपकिरी ‘कवकबागे’त असते. वाळवी ही बाग अर्धवट पचलेल्या पालापाचोळ्यातून रचते आणि तिच्यावरचे पांढरे दाणे खाते. टर्मिटोमायसीज मायक्रोकार्पस ही बारीक जाती अपवाद : वाळवीने बाहेर टाकलेल्या बागेच्या चुऱ्यावर ती थव्याने उगवते, तिला असे मूळ नसते.

बीजाणूंचा रंग पाहण्यासाठी छत्री कागदावर पालथी घालून रात्रभर वाटीखाली झाकतात. ठसा फिकट गुलाबी उमटतो. तो हिरवट आला तर नमुना क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस या विषारी जातीचा असण्याची शक्यता मोठी. एन्टोलोमा या दुसऱ्या अळंबीचा ठसाही गुलाबी असतो, परंतु सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे बीजाणू कोनदार दिसतात. टर्मिटोमायसीजचे गुळगुळीत व लंबगोल. केवळ ठशावर विसंबून खाणे धोक्याचे.

वर्गीकरण : येथे एकमत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश कवकशास्त्रज्ञ बर्कली यांनी श्रीलंकेतील नमुन्यांना दिलेली नावे पुढे अनेक प्रजातींत (जातींच्या गटांत) फिरली. कवकशास्त्रज्ञ पेच यांनी १९०६ मध्ये तेथील वाळवीच्या घरट्यांतील कवकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फ्रेंच कवकशास्त्रज्ञ हाइम यांनी १९४२ मध्ये टर्मिटोमायसीज ही स्वतंत्र प्रजाती मांडली. तिचे कुल मात्र ठरेना : कोणी ट्रायकोलोमॅटेसीत ठेवली, तर गुलाबी बीजाणू व सुटी पटले पाहून कोणी प्लूटेसीत. डीएनए-विश्लेषणानंतर ती लायोफायलेसीत स्थिरावली. वाळवीशी तिचे सहजीवन आफ्रिकेत, सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी एकदाच सुरू झाले असावे, असे मानतात.

जातींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. भारतीय कवकशास्त्रज्ञ नटराजन यांनी १९७९ मध्ये दक्षिण भारतातील नमुन्यांवरून टर्मिटोमायसीज हायमी ही जाती वर्णिली. दांड्यावरील जाड कडे हे तिचे लक्षण. टर्मिटोमायसीज युरायझस या आधी वर्णिलेल्या जातीत कडे नसते किंवा नावापुरते असते, छत्री अधिक तपकिरी व आभासी मुळावर काळसर साल असते. पण पावसाने कडे गळून पडते आणि छत्री फिकी होते. त्यामुळे एकट्यादुकट्या, तेही खुडलेल्या नमुन्यावरून जाती सांगणे उचित नव्हे. बंद कळी, उमललेली छत्री, पूर्ण मूळ, बागेचा तुकडा आणि शक्य असल्यास वाळवीचे सैनिक असा संच घ्यावा. नमुना मंद उष्णतेवर वाळवावा. कवकांचा मोठा संग्रह पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आहे.

वाळवीवाचून बाग जगत नसल्याने धिंगरीप्रमाणे हिची व्यापारी लागवड होत नाही.