लहान स्कँडी चाकू घ्यायच्या आधी त्याची पार्श्वभूमी

नाशिकच्या ट्रेक करणाऱ्या पोरांमध्ये हल्ली बुशक्राफ्टची आवड बरीच वाढलीय. कमीत कमी सामान घेऊन रानात राहायचं, वाळक्या काटक्यांवर चहा करायचा, बांबूचा चमचा नाहीतर तंबूच्या खुंट्या स्वतः कोरायच्या, असं सगळं. आणि त्यात पडलं की पहिला प्रश्न येतो चाकू कुठला घ्यायचा, मग कोणीतरी सांगतं स्वीडनचा मोरा घे, दुसरा म्हणतो फुल टँगच, म्हणजे मुठीच्या शेवटापर्यंत पोलाद असलेलाच पाहिजे, तिसरा साधं कार्बन पोलाद की सहसा न गंजणारं स्टेनलेस यावर अडून बसतो, आणि नवीन माणूस तिथेच गोंधळतो. माझं म्हणणं असं की हा स्कँडी, म्हणजे स्कँडिनेव्हियन धाटणीचा चाकू मुळात कुणी, कुठे आणि कशासाठी बनवला हे नीट समजलं की निवड अर्धी होऊन जाते, कारण त्याची एकेक गोष्ट, पातं, मूठ, म्यान, सगळं त्या थंड मुलखातल्या रोजच्या कामातून आलेलं आहे.

मोरा हे गावाचं नाव आहे, मध्य स्वीडनमधल्या दालार्ना भागात, सिल्यान तलावाच्या काठी. या भागात वारसाहक्काने जमिनीचे इतके तुकडे झाले होते की नुसत्या शेतीवर घर चालणं कठीण, त्यामुळे वर्षातले काही महिने बाहेरगावी मजुरीला जायचं नाहीतर घरी बसून काहीतरी बनवून विकायचं हाच मार्ग. मग एकेका वस्तीने एकेक धंदा धरला, आणि मोराजवळच्या ओस्टनोर नावाच्या वस्तीने लोहारकाम धरलं, तिथे चाकूही व्हायचे आणि घड्याळंही. त्याच ओस्टनोरचा फ्रॉस्ट्स एरिक एर्सन अमेरिकेत काही वर्षं काढून परत आला आणि १८९१ मध्ये त्याने कारखाना काढला, पण चाकूंचा नाही, लाकडाचे ओंडके वाहायच्या घसरगाड्यांचा. त्या गाड्या बनवायला हत्यारं लागायची म्हणून चाकू बनवायला घेतले आणि शेवटी चाकूच मुख्य धंदा झाला. १९१२ मध्ये त्याच वस्तीत के. जे. एरिक्सनची दुसरी कंपनी सुरू झाली, दोघांचे चाकू कितीतरी दशकं शेजारी शेजारी बनत राहिले, २००५ मध्ये दोन्ही एकत्र येऊन मोरा ऑफ स्वीडन झाली आणि २०१६ पासून तिचं नाव मोराक्नीव्ह आहे. म्हणजे आपण ज्याला बुशक्राफ्टचा चाकू म्हणतो तो तिकडे सुतार, शेतकरी, मासेवाले, इलेक्ट्रिशियन यांच्या कमरेचा चाकू आहे, बर्च लाकडाच्या लाल मुठीचा क्लासिक नावाचा जुना मोरा बघितला की हे लगेच जाणवतं, त्यात दाखवायला असं काहीच नाही.

आता पोलाद, आणि इथे जरा थांबायला हवं. स्वीडनच्या काही खाणींतल्या लोहखनिजात फॉस्फरस फार कमी, आणि कोळसा जंगलातल्या लाकडाचा, त्यामुळे तिथलं लोखंड शतकानुशतकं शेफिल्डसारख्या गावांत पोलाद करायला जायचं. इंग्लंडमध्ये बेसेमरने भट्टीत हवा फुंकून स्वस्त पोलाद करायची पद्धत काढली खरी, पण तिथल्या खनिजात फॉस्फरस जास्त म्हणून माल ठिसूळ निघायला लागला, आणि १८५८ मध्ये एड्स्केनला योरान फ्रेद्रिक योरानसन या स्वीडिश माणसाने त्याच पद्धतीने पहिल्यांदा खात्रीचं पोलाद काढून दाखवलं. त्यानेच १८६२ मध्ये सँडविकेनचा कारखाना उभा केला. आज चाकूच्या जाहिरातीत १२सी२७ असं जे लिहिलेलं दिसतं ते याच सँडविकच्या परंपरेतलं स्टेनलेस, कार्बन साधारण ०.६ टक्के आणि क्रोमियम साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. सातपूर-अंबडच्या टूलरूममध्ये काम करणाऱ्याला रॉकवेल म्हणजे काय हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी, ते पोलादाच्या कडकपणाचं माप, एचआरसी असं लिहितात, हे चाकू साधारण ५६ ते ६० एचआरसीच्या दरम्यान असतात, म्हणजे धार टिकते आणि साध्या दगडावर परतही येते.

पोलाद महाग होतं तेव्हाची एक युक्ती अजून चालू आहे, लॅमिनेटेड पातं. मधे कडक पोलादाचा पातळ थर, दोन्ही बाजूंना मऊ लोखंड. धार कडक राहते आणि पातं सहजी तुटत नाही, शिवाय महागाचं पोलाद थोडंच लागतं. आपल्याकडे कुऱ्हाडीच्या तोंडाला पोलादाचा तुकडा बसवणारे जुने लोहार हेच करत होते. आता बहुतेक जण ट्रकच्या पाट्याचाच कोयता करतात, पण पाणी द्यायचं कसब तेच आहे. लोहार पातं लाल करतो, रंग बघतो, फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवतो आणि पाठ मागाहून निवू देतो म्हणजे ती मऊ राहते, बघत उभं राहिलं तर दहा सेकंदांत सगळं होऊन जातं आणि कोयत्याचं पुढचं आयुष्य तिथेच ठरतं. स्वीडनमधलं लॅमिनेट आणि हे पाणी, दोन्हीचा हेतू एकच, धार कडक आणि अंग मऊ.

स्कँडी म्हणजे नक्की काय, तर धारेचा आकार. स्वयंपाकघरातल्या सुरीला पात्याच्या अगदी कडेला एक बारीकशी वेगळी धार काढलेली असते. स्कँडीत तसं नसतं, पात्याच्या खालच्या अर्ध्या भागात एक रुंद सपाट उतार सुरू होतो आणि तो थेट धारेपर्यंत जातो, दोन्ही बाजू मिळून पंचवीसेक अंश. याचा फायदा लाकडावर कळतो. वाळलेली काटकी घ्या, उतार लाकडावर पूर्ण टेकवा आणि मूठ हळूहळू उचलत पुढे ढकला, एका क्षणाला पातं चावतं आणि कागदासारखी पातळ साल वळून वर येते, तिथे थांबायचं, साल तोडायची नाही, पुढची काढायची. अशा पंधरावीस सालींचा झुबका झाला की पावसाळी हवेतही काडी लागते. तो रुंद उतार रंध्याच्या तळासारखा लाकडावर बसतो म्हणून खोली हातात राहते. आणि धार लावताना अंदाज लागत नाही, पूर्ण उतार दगडावर सपाट ठेवायचा आणि घासायचं, कोन आपोआप बरोबर येतो. दूरच्या शेतावर राहणाऱ्या माणसाला, ज्याच्याकडे धार लावून देणारा येत नव्हता, त्याला हे किती सोयीचं असेल बघा.

फिनलंडचा पुक्को याचाच भाऊ. काउहावा गावच्या ईसाक्की यार्वेनपाने १८७९ मध्ये धंदा सुरू केला आणि घोड्याच्या डोक्याची मूठ असलेला त्याचा पुक्को फार गाजला. उत्तरेला रोव्हानिएमीला मार्टिनी १९२८ पासून आहेत. त्याच काउहावाच्या भागात एकोणिसाव्या शतकात चाकूबाज टोळ्यांचा धुमाकूळ होता, त्यांना पुक्कोयुंक्करी म्हणायचे, म्हणजे ज्या चाकूने चमचे कोरले त्यानेच लग्नाच्या मांडवात भोसकाभोसकीही झाली, हा भाग लोक सांगताना गाळतात पण गाळू नये. नॉर्वेत गाइलोचं ब्रुसलेट्टो १८९६ चं आणि होल्मेदालचं हेले १९३२ चं, दोघांच्या मुठी देखण्या, किंमतही तशीच.

पण हा चाकू घराघरात राहिला त्याचं मोठं श्रेय मला तिथल्या शाळांना द्यावंसं वाटतं. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउसच्या पुढाकाराने १८६६ पासून हस्तकाम लोकशाळांच्या अभ्यासक्रमात आलं, आणि स्वीडनमध्ये ऑट्टो सालोमनने नेएस इथे शिक्षकांना ते शिकवायला सुरुवात केली, बाहेरच्या देशांतून शिक्षक तिथे शिकायला यायचे. त्याच्या पद्धतीत लाकूडकामाची सुरुवात चाकूपासून व्हायची, रंधा-करवत नंतर. आपल्याकडे १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीमचा विचार झाला तेव्हा मध्यभागी टकळी आणि चरखा होते, आणि आमच्या पिढीच्या वाट्याला कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुलं आली. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातात मोठ्यांच्या देखरेखीखाली खरं हत्यार दिलं तर त्याला त्याची भीतीही राहत नाही आणि मस्तीही राहत नाही, हे मला मनापासून पटतं.

मग यात बुशक्राफ्ट कुठून आलं. कॅनडातल्या मॉर्स कोचान्स्की यांनी उत्तरेकडच्या जंगलात राहायचं शिकवताना साधा स्वस्त मोरा वापरायला सांगितला. ब्रिटनमध्ये रे मिअर्स यांनी स्वतःचा चाकू डिझाइन केला, त्याला धार स्कँडीच पण पातं जाड आणि पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत, त्यालाच फुल टँग म्हणतात. ते टीव्हीवर आल्यावर जगभर बुशक्राफ्टचा चाकू म्हणजे असाच असा समज झाला. मूळ स्कँडिनेव्हियन चाकू मात्र बहुतेक पातळ, पोलादाची निमुळती शेपटी लाकडी मुठीत घातलेली. मोराचा स्वतःचा पहिला फुल टँग, गार्बर्ग, २०१६ ला आला, म्हणजे सव्वाशे वर्षं त्यांचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. जाड पातं लागतं ते चाकूच्या पाठीवर दांडक्याने ठोकून लाकूड फोडायला, ज्याला बॅटनिंग म्हणतात.

आणि इथेच नाशिकच्या माणसाने सामी लोकांकडे बघावं. उत्तर टोकाचे हे रेनडिअर पाळणारे लोक परंपरेने दोन चाकू बाळगतात, एक मोठा, ज्याला फिनलंडमध्ये लेउकू म्हणतात, फांद्या तोडायला आणि हाडं फोडायला, आणि एक लहान, बारीक कामाला. आपल्या पेठ-सुरगाण्याच्या रानात जा, कमरेला मागे आकडीत कोयता अडकवलेला माणूस भेटतोच, बांबू तोडणं, सरपण फोडणं, वाट मोकळी करणं, सगळं त्यावर. म्हणजे जोडीतला मोठा आपल्याकडे आधीपासून आहे आणि तो आपल्या झाडांसाठीच घडलेला आहे. मग लहान चाकूकडून कोयत्याचं काम कशाला मागायचं? जाड पात्यासाठी चौपट पैसे घालवण्यापेक्षा अडीच मिलिमीटर जाडीचं, नऊ-दहा सेंटीमीटर लांबीचं पातं घ्या, मोराच्या कंपॅनियनसारखं, आणि फोडाफोडीसाठी सोबतच्या एकाकडे लोहाराचा कोयता असू द्या. गार्बर्ग वाईट नाही, पण मला इथे त्याची गरज दिसत नाही.

लाकडाचा फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. तो चाकू पाइन आणि बर्च कापत मोठा झालाय. आपल्याकडे वाळलेला खैर, बाभूळ, जून बांबूची गाठ, या गोष्टी वेगळ्याच. स्कँडीची निमुळती धार अशा लाकडात पिळली की वळते नाहीतर बारीक तुकडा उडतो. उपाय सोपा आहे, नेहमीसारखी सपाट धार लावून झाली की शेवटी पाठ जरा उचलून दोन्ही बाजूंना दोन-तीन हलके हात फिरवायचे, अगदी कडेला एक बारीकशी दुसरी धार येते आणि ती कडक लाकडात तग धरते. सालींचा झुबका किंचित जाड निघेल, चालतं.

कार्बन की स्टेनलेस, तर इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात स्टेनलेस, यात मला शंका नाही. कार्बनचं पातं धार छान घेतं, पाठ काटकोनी घासून घेतली तर फायरस्टीलवर, म्हणजे ठिणग्या पाडायच्या सळईवर, ठिणग्याही भरपूर पडतात, पण हरिहर गड उतरून आल्यावर ओल्या म्यानात रात्रभर राहिलं की सकाळी तांबूस ठिपके आलेच. हिवाळी ट्रेकला आणि घरी कोरीवकामाला कार्बन घ्या, रोज पुसा, खोबरेल तेलाचं बोट फिरवा, हळूहळू पात्यावर करडी झाक चढते आणि गंज थोडा आवरतो.

जुन्या चामडी म्यानात मूठ अर्धी आत जाते, वर पट्टा नाही, आणि मुठीला बोटांपुढे आडवा अडसर नाही. बर्फात जाड हातमोजे घालून चाकू काढता-ठेवता यावा आणि कोरताना बोट पात्याजवळ नेता यावं म्हणून हे असं. आपल्याला हातमोज्यांचा प्रश्न नाही, घामाचा आहे, म्हणून गुळगुळीत वार्निश केलेल्या मुठीपेक्षा रबरी पकड बरी, आणि नवशिक्याने पुढे थोडा उंचवटा असलेली मूठ घ्यावी, टोक खुपसायच्या नादात हात पात्यावर घसरत नाही. चामडं आपल्या पावसात बुरसतं, प्लास्टिकचं म्यान निमूट घ्यावं.

कायद्याचंही बघा. स्वीडनमध्ये १९८८ पासून सार्वजनिक जागी कारणाशिवाय चाकू बाळगायला बंदी आहे, चाकूच्या त्या देशातसुद्धा. आपल्याकडे शस्त्र कायद्याच्या नियमांत घरगुती किंवा शेतीकामाची नसलेली, नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, लहान स्कँडी त्यापेक्षा बराच लहान. पण सणासुदीला, निवडणुकीला पोलीस आयुक्तालयाचे मनाई आदेश निघतात, त्यात चाकू-सुऱ्या बाळगण्यावर बंदी असते आणि तिथे इंच मोजत कोणी बसत नाही. त्यामुळे शहरात कमरेला लावून फिरायचं नाही, म्यानात घालून सॅकच्या तळाशी ठेवायचा आणि गाव मागे पडल्यावरच काढायचा. कळसूबाई-हरिश्चंद्रगडसारख्या अभयारण्यात तर ओली फांदी तोडणं आणि आग पेटवणं दोन्ही बंद आहे, तिथे चाकू कांदा-टोमॅटो चिरायला. कोरायचा सराव करायचाच असेल तर ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर जा, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्यांचे ढीग पडलेले असतात, विचारून हव्या तेवढ्या घ्या.