मानसिक छळ (जोडीदाराकडून होणारा)

अपमान, धाक, संशय, अबोला किंवा पैशांची कोंडी करून जोडीदाराला सतत दबावाखाली ठेवणे म्हणजे मानसिक किंवा भावनिक छळ. अंगावर वळ नसल्याने तो लवकर ओळखू येत नाही. माहेरी आलेली लेक गप्प गप्प दिसली की पहिला प्रश्न येतो, ‘मारतो का गं?’ ती ‘नाही’ म्हणते आणि विषय तिथेच मिटतो. पुण्यातल्या शिकल्यासवरलेल्या घरांतही हेच घडते.

जाच, टोमणे, पाणउतारा, घालूनपाडून बोलणे, सासुरवास : मराठीत यासाठी शब्दांची वाण नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी पुणे जिल्ह्यातल्या मुळशी-मावळातून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. तो संग्रह एक लाखाच्या पुढे गेला आणि त्यात सासुरवास पुन्हापुन्हा येतो. बायकांनी हे दुःख पहाटेच्या अंधारात जात्याला सांगितले, कारण माणसांत ते सांगण्याजोगे मानले जात नव्हते.

भांडण आणि छळ यांत गल्लत होते. भांडणात दोघांना बोलता येते, दोघे चिडतात, नंतर दोघांपैकी कुणीही माफी मागू शकते. छळात एकजण शब्द तोलून बोलतो आणि दुसऱ्याला तशी गरजच पडत नाही. दाराला किल्ली लागल्याचा आवाज येताच पोटात गोळा येणे, मैत्रिणीचा फोन आला की आधी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहणे, न केलेल्या चुकीचीही माफी मागून मोकळे होणे ही लक्षणे कोणत्याही एका प्रसंगापेक्षा जास्त बोलकी आहेत. ‘मी असे बोललोच नव्हतो’, ‘तुझ्याच डोक्यात काहीतरी बिघाड आहे’ असे रोज ऐकवून समोरच्याचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडवणे याला गॅसलाइटिंग म्हणतात. अधूनमधून येणारे गोड दिवस सर्वांत फसवे. रागाचा स्फोट, मग मनधरणी, एखादी साडी किंवा महाबळेश्वरची सहल, आणि पुन्हा ताण, हे चक्र अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी 1979 मध्ये मांडले. त्या गोड दिवसांच्या आशेवर वर्षे निघून जातात.

वाड्यात चढा आवाज शेजारच्या बिऱ्हाडाला ऐकू जाई. वाकड-हिंजवडीच्या बंद फ्लॅटमध्ये तो दाराबाहेर पडत नाही. बाई स्वतः कमावती असली तरी एटीएम कार्ड दुसऱ्याच्या खिशात असू शकते, आणि ऑफिसातून निघाल्यापासून लाइव्ह लोकेशन द्यावे लागू शकते. लग्नाआधीच्या नात्यांत ‘पासवर्ड दे, नाहीतर तुझे प्रेमच नाही’ ही मागणी काळजी समजून चालवून घेतली जाते.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 हा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. मूल किंवा मुलगा न झाल्यावरून हिणवणे, शिवीगाळ, आर्थिक कोंडी यांनाही तो हिंसाचारच मानतो. लग्नासारख्या सहजीवनातील स्त्रीलाही त्याचे संरक्षण मिळते. पुरुषांना या कायद्याखाली दाद मागता येत नाही, पण त्यांचाही छळ होतो आणि क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट दोघांनाही मागता येतो. या बाबतीत पुण्याच्या न्यायालयात सुरू झालेला दास्ताने विरुद्ध दास्ताने हा खटला मैलाचा दगड ठरला. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्नीचे वागणे क्रूरतेचे ठरवले, मात्र पतीने ते नंतर माफ केल्याचे मानून त्याचे अपील फेटाळले. आदर्श नवरा-बायको नव्हे, समोर उभी असलेली माणसे पाहून क्रूरता ठरवायची, ही त्या निकालातली दृष्टी आजही उपयोगी पडते.

पुण्यात विद्या बाळ यांच्या पुढाकाराने 1982 मध्ये सुरू झालेल्या नारी समता मंचाने या विषयाला वाचा फोडली. 2008 मध्ये पुरुष संवाद केंद्रही सुरू झाले. आज महिलांसाठी 181, तातडीच्या वेळी 112 आणि मानसिक आधारासाठी 14416 हे क्रमांक आहेत. 2005 च्या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी तक्रार लिहून घेतात, स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मेसेज जपून ठेवावेत, प्रसंग तारखेसह लिहून ठेवावेत. मात्र ती वही घरात ठेवू नये, विश्वासातल्या माणसाकडे द्यावी.