कार्यालयीन ॲस्बेस्टॉस-संपर्क

ॲस्बेस्टॉस (उष्णतारोधक तंतुमय खनिज) प्रत्यक्ष न हाताळणाऱ्या लिपिक, लेखा, मनुष्यबळ इ. विभागांतील कर्मचाऱ्यांच्या श्वासावाटे इमारतीतील किंवा लगतच्या कारखान्यातील ॲस्बेस्टॉसचे तंतू शरीरात जाणे. त्यातून मेसोथेलिओमा (फुप्फुसे वा पोट यांच्या आवरणाचा कर्करोग) होऊ शकतो. [→ ॲस्बेस्टॉस; मेसोथेलिओमा].

पोलादी सांगाडा आगीत वाकू नये म्हणून त्यावर ॲस्बेस्टॉसच्या तंतुमय थराची फवारणी करण्याची पद्धत ब्रिटनमध्ये साधारणपणे १९३० च्या दशकात रूढ झाली असे मानतात. बहुमजली कार्यालयांत ती दुसऱ्या महायुद्धानंतर पसरली. अमेरिकेत अशा फवारणीवर १९७३ मध्ये बंदी आली. सिमेंटच्या पत्र्यात तंतू घट्ट बांधलेले असतात, तर फवारलेला थर बोटाने खरवडला तरी सुटतो. फॉल्स सीलिंगवरच्या पोकळीतूनच वातानुकूलनाची परतीची हवा खेचली जात असेल, तर सुटलेले तंतू खोलीत फिरू शकतात. युरोपीय आयोगाचे ब्रुसेल्समधील बेर्लेमाँ हे मुख्यालय ॲस्बेस्टॉसमुळे १९९१ मध्ये रिकामे करावे लागले. ते २००४ मध्ये पुन्हा वापरात आले.

मोजणी : ठरावीक घनफळाची हवा पटल-गाळणीतून ओढून गाळणीवरील तंतू प्रावस्था-विपर्यास (फेज कॉन्ट्रास्ट) सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. लांबी ५ मायक्रोमीटरपेक्षा जास्त, जाडी ३ मायक्रोमीटरपेक्षा कमी आणि लांबी जाडीच्या तिपटीहून अधिक असेल तरच तंतू गणला जातो. कारखान्यात हे चालते, कारण तिथल्या हवेतील बहुतेक तंतू ॲस्बेस्टॉसचेच असतात. कार्यालयात मात्र कागद, गालिचे व कपडे यांचे तंतूही याच मापात बसतात आणि या सूक्ष्मदर्शकाला ते वेगळे ओळखता येत नाहीत. उलट, सुमारे ०·२ मायक्रोमीटरपेक्षा बारीक तंतू त्याला दिसतच नाहीत. त्यासाठी पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. त्यामुळे कार्यालयांविषयीचे जुने आकडे नव्या आकड्यांशेजारी ठेवताना आधी पद्धत पाहावी लागते. ब्रिटनमधील घन सेंमी.ला ०·१ तंतू ही मर्यादा (चार तासांची सरासरी) ॲस्बेस्टॉसवर काम करणाऱ्यांसाठी आहे. रोज आठ तास टेबलाशी बसणाऱ्यांची सुरक्षितता तिने मोजणे गैर आहे. ॲस्बेस्टॉस काढल्यावर जागा पुन्हा वापरास देताना तिथे घन सेंमी.ला ०·०१ तंतू ही पातळी पाहतात.

धोक्याचे प्रमाण : याविषयी मतभेद आहेत. रिचर्ड डॉल व ज्युलियन पेटो (१९८५) या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञांच्या मते इमारतीत नुसता वावर असणाऱ्यांचा धोका अत्यल्प असतो. अमेरिकेतील १९९१ च्या आढाव्यातही कार्यालयांतील सरासरी पातळी बाहेरच्या हवेहून फारशी वेगळी आढळली नाही. खाणकामगार व ॲस्बेस्टॉस वापरणारे कामगार यांच्यानंतर इमारतींतील जुन्या ॲस्बेस्टॉसमुळे आजारांची ‘तिसरी लाट’ येईल, असा इशारा न्यूयॉर्कमधील अभ्यासकांनी त्याच सुमारास दिला. उपलब्ध मोजमापे पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते, पण ते थर शाबूत असेपर्यंतच. शिवाय दुसऱ्या मताचा रोख मुख्यतः सफाई, विद्युत् व दुरुस्ती कामगारांकडे होता. केबल टाकण्यासाठी छताचा तक्ता उचलण्याचे किंवा पार्टिशन हलवण्याचे आदेश सुटतात ते बहुधा प्रशासनाच्याच टेबलावरून.

ॲस्बेस्टॉस कारखान्यांतील टाइम ऑफिस, वेतन व कल्याण विभाग यांची गोष्ट वेगळी. कामगारांच्या कपड्यांवरील धूळ तिथे येते. न्यूहाउस व टॉम्प्सन या संशोधकांनी लंडनमध्ये १९६५ साली कामगारांच्या कुटुंबीयांत आणि कारखान्याच्या अर्ध्या मैलातील रहिवाशांत मेसोथेलिओमाचे रुग्ण नोंदवले. कारखान्याच्या आवारातच बसणाऱ्या लिपिकांना यातून वगळण्यास आधार नाही.

कायदा : ब्रिटनमध्ये निळ्या व तपकिरी प्रकारच्या ॲस्बेस्टॉसवर १९८५ पासून, पांढऱ्या प्रकारावर १९९९ पासून बंदी आहे. बिगरनिवासी इमारतींत जुने ॲस्बेस्टॉस कुठे आहे याची नोंद ठेवण्याची जबाबदारी इमारतीची देखभाल ज्याच्याकडे आहे त्याच्यावर असते. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे सर्रास वापरात आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगांना प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांतील जो काळ नंतर संपेल तोवर, जपण्यास सांगितले. मेसोथेलिओमा दिसू लागण्यास सर्वसाधारणपणे २० ते ५० वर्षे लागतात.