पटकीचा जिवाणू: पाण्यातला रहिवासी, उसनं विष

रोगजंतू म्हटला की तो माणसाच्या अंगातच राहणार, असं आपण धरून चालतो. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा जिवाणू मात्र मुळात पाण्यातला रहिवासी. खाड्या आणि नदीमुखांच्या निमखाऱ्या पाण्यात तो कोपेपॉड नावाच्या बारीक कवचधारी जिवांना चिकटून राहतो. माणूस भेटला नाही तरी त्याचं काही अडत नाही. व्हिब्रिओ कॉलरी हे त्याचं शास्त्रीय नाव. त्याचे दोनशेहून जास्त गट ओळखले गेलेत. मोठ्या साथी आणल्या त्या फक्त ओ१ आणि ओ१३९ या दोघांनी.

हे दोघेच एवढे घातक का? पहिला धागा कोलकात्यात सापडला. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये जिवाणू वाढवलेला द्रव गाळून जिवाणू बाजूला काढले आणि उरलेलं पाणी सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडलं. आतडं द्रवाने फुगलं. म्हणजे घात करतं ते जिवाणूने बाहेर टाकलेलं विष. इतक्या मोलाच्या कामाची हयातीत देशात फारशी दखल घेतली गेली नाही, हे खटकतंच.

पण या विषाची जनुकं जिवाणूकडे आली कुठून? १९९६ मध्ये मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकालानोस यांनी दाखवलं, की ती एका विषाणूची आहेत. जिवाणूंनाही विषाणूंची लागण होते. अशा विषाणूंना फाज म्हणतात. हा फाज जिवाणूला मारत नाही, त्याच्या गुणसूत्रात जाऊन बसतो आणि सोबत विषाची कृती देतो. गंमत पुढेच आहे. जिवाणू ज्या केसासारख्या तंतूंच्या जोरावर आतड्यात वस्ती करतो, तेच तंतू धरून फाज त्याच्यात शिरतो.

देवघेव इथे संपत नाही. कोपेपॉडचं कवच कायटिनचं असतं. कायटिनवर बसलं की हा जिवाणू आजूबाजूचा डीएनए आत ओढू लागतो, हे २००५ मध्ये कळलं. दहा वर्षांनी मेलानी ब्लोकेश यांच्या गटाने आणखी पुढचं दाखवलं: कायटिनवर असताना तो शेजारच्या जिवाणूंना सूक्ष्म भाल्याने भोसकतो आणि फुटलेल्या पेशीतला डीएनए उचलतो. शेजारी मारून त्याची जनुकं घरात आणायची! नव्या क्षमता उचलायची संधी त्याला पाण्यातच मिळते, रोगी जवळपास नसतानाही.

कोपेपॉडशी असलेल्या याच संगतीचा उपयोग रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशात मतलब नावाच्या भागात केला. एकटा जिवाणू कापडातून सहज निसटतो, पण कोपेपॉड अडकतो आणि त्याच्यावर बसलेले जिवाणूही. बायकांनी जुन्या साडीची अनेक पदरी घडी करून पाणी गाळलं, तेव्हा कॉलऱ्याचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले. नळाला एकेरी फडकं बांधून हे साधणार नाही, आणि उकळणं शक्य असेल तिथे उकळावंच. साडी मात्र जुनीच बरी: धुऊन धुऊन धागे पिंजतात, फुगतात आणि विणीतली छिद्रं बारीक होतात.